पायाखाली एक पेनी

गुरुवारी रात्री साडेदहाला
नेवार्कच्या मेथडिस्ट हॉलची किल्ली माझ्या हातात येते
आणि किल्लीमागून केरसुणी.
लढाई कोण जिंकलं, मी विचारत नाही.
केर काढताना कळतं तेवढं पुरे :
सुपलीत टण्ण वाजलं तर तो ऑर्मरॉडचा माणूस,
नुसतं खुसपुसलं तर टॅम्सिनचा.

ऑर्मरॉडनं एकतीस वर्षं लिंकनची बस चालवली.
त्याची फौज शिशाकथलाची,
टोपी, हात, भाला
एकाच घोटात ओतून थंड झालेले.
माणसाला वजन पाहिजे, म्हणतो,
आणि एक भालेदार माझ्या तळहातावर ठेवतो.
खरंच दबतो हात थोडासा,
बुडालेली उधारी परत मिळाल्यासारखा.

पण भाल्यांची टोकं बघा.
दर खेपेला कुणीतरी वाकलेलं,
कुणाच्या टोपीचा टवका उडून
आतलं राखाडी डोकावतंय.
तो अंगठ्यानं भाला सरळ करतो.
शंभरदा वाकेल, म्हणतो, एकशे एकाव्यांदा मोडेल.
मोजत मात्र नाही.

टॅम्सिन नर्सिंग शिकते.
तिचे शिपाई चौकटीला चिकटून येतात,
हात निराळे, मुंडकी निराळी,
एका खोक्यात छत्तीस,
ऑर्मरॉडच्या आठांच्या किमतीत.
रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत ती त्यांना जोडते,
एकाची मान वळवते,
एकाला उगीच आभाळाकडे बघायला लावते.
तुमचे चाळीसही समोरच बघतात, ती ऑर्मरॉडला म्हणाली,
बसमधल्या उतारूंसारखे.
तो हसला नाही.
कुणीतरी खिडकी उघडली
आणि तिची आघाडीची रांग
एकही गोळी न झडता आडवी झाली.
तेव्हा हसला.

डिंकाचं तिनंच मला सांगितलं.
धातूला धातू चिकटतो तो वरवर, बोलण्यापुरता,
पडला की सुटला.
प्लास्टिकचा द्राव दोन्ही कडा विरघळवतो,
मग सांधा असा राहतच नाही,
दंड कुठे संपला, खांदा कुठे सुरू झाला,
जोडणारीलाही सांगता येत नाही.
मी बेअरिंगच्या कारखान्यात जन्म काढला,
माझा विश्वास धातूवर.
तरी हे ऐकताना
केरसुणी भिंतीला टेकवून उभा राहिलो.

नोव्हेंबरात ऑर्मरॉड जिन्यात थांबला.
तिसऱ्याच पायरीवर.
मनगटं थरथरत होती
आणि खोक्यातून बारीक किणकिण येत होती,
आतले सगळे एकदम काहीतरी बोलू लागल्यासारखी.
मी खोका घेतला. चौदा किलो तरी असेल.
खोका जड झालाय, तो म्हणाला,
जणू खोक्यानंच हे मनावर घेतलं होतं.
त्यानंतर तीन गुरुवार तो आला नाही.

जानेवारीत टॅम्सिननं त्याच्यापुढे एक पलटण मांडली,
त्याच्याच निशाणाची, त्याच्याच पिवळ्या बाह्यांची,
प्लास्टिकची.
त्यानं एक उचलला, नको असलेलं बिस्कीट उचलतात तसा,
आणि हात मध्येच थबकला.
उलटा करून बघितलं.
तळाला पेनी चिकटवलेली.
पार्लमेंटचा भालेदार
राजाच्या डोक्यावर उभा!

खोकला येईपर्यंत हसला म्हातारा.
टेबलावरच्या निळ्या नदीत चहा सांडला.
मग डोळे पुसत, अगदी धंद्यातलं बोलावं तसं, म्हणाला,
वजन तळाशी पाहिजे, पोरी.
दुमजली बसचं पण तेच.
आणि आपला धातूचा सेनापती उचलून
त्या हलक्या पोरांच्या मागे ठेवला,
पुढे नाही, मागे.

त्या रात्री सुपलीत वाजलं
ते टण्ण नव्हतं, खुसपुसही नव्हती.
दिवा पुन्हा लावला, गुडघ्यांवर बसलो.
पेनी होती.
नुसतीच, वरचा माणूस नसलेली,
वाळलेल्या डिंकाचं एक टिपूस तेवढं राजाच्या गालावर.
टेबलाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं,
रेडिएटरच्या फटीत बोटं घातली.
नाही सापडला.
खिडकीत ठेवलीय पेनी, गुरुवारपर्यंत.